पलंग, गादीसकट

उन्हाळा सुरू झाला की त्या घरच्या फ्रीजरमध्ये खाण्याच्या वस्तूंना जागा उरत नसे. वरच्या खणात कोडेवालीचे मोजे, खालच्या खणात टॉवेल, कोपऱ्यात मानेभोवती गुंडाळायचे रुमाल, आणि उरलेल्या जागेत गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशव्या. वाटाणे खायचे नव्हते, मांडीवर ठेवायचे होते. एकदा नणंदेने त्यातली एक पिशवी पाहुण्यांसाठी शिजवली. पहिला घास घेताच नणंदेचा भाऊ, म्हणजे कोडेवालीचा नवरा, थबकला.

"ताई, हे काल हिच्या पाठीखाली होते."

"मग? पिशवी बंद होती ना?" असं म्हणून नणंदेने पाहुण्यांना आणखी वाढलं.

ती वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचायची, म्हणून सगळी बिल्डिंग तिला कोडेवाली म्हणायची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. डॉक्टर मज्जातंतूंच्या आवरणाबद्दल समजावू लागले तेव्हा त्याने मधेच हात वर केला. "म्हणजे वायरीवरचं रबर गेलंय. गार आहे तोवर चालतं, तापलं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते." डॉक्टर जरा विचारात पडले, आणि पुढे इतर पेशंटनाही तसंच सांगू लागले.

अडकायची ती अशी: अंग थोडं जरी तापलं की पाय शिशाचे व्हायचे, बोटांतून पेन गळून पडायचं आणि डोळ्यांपुढे कुणीतरी दुधाची काच धरल्यासारखं व्हायचं. गारवा मिळाला की हळूहळू सगळं जागेवर यायचं. बाहेरून मात्र काही म्हणजे काही दिसायचं नाही. "तब्येत किती छान दिसतेय तुझी!" असं शेजारणी म्हणायच्या, आणि त्याच वेळी आपण भिंतीला टेकून का उभ्या आहोत हे लपवण्यात तिची सगळी शक्ती खर्च व्हायची.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. एसी लावायचा तर बिल्डिंगच्या वायरिंगला झेपत नव्हता. लावला की अख्खा जिना अंधारात. "तुझ्या आणि बिल्डिंगच्या वायरी एकाच कारखान्यातल्या," नवरा म्हणाला. त्याला हसू येत नव्हतं, पण दुसरं काय बोलणार?

समोरच्या रस्त्यावर फर्निचरचं मोठं दुकान होतं. मोठाल्या काचा, आत हिवाळा. एका दुपारी भाजी आणायला म्हणून ती खाली उतरली आणि तिथेच शिरली. आधी सोफ्यावर बसली. सोफ्यावरून आरामखुर्चीवर गेली. दोन-चार दिवसांनी बेडरूमच्या विभागात पोचली, आणि तिथल्या मोठ्या पलंगावर "जरा बघते" असं म्हणत आडवी झाली ती डोळे मिटूनच.

जाग आली तेव्हा पायथ्याशी एक जोडपं उभं होतं. बाजूला टायवाला मॅनेजर.

"हिला ज्यावर झोप लागलीय तोच पलंग आम्हाला हवा," जोडप्यातली बाई हळू आवाजात सांगत होती. "अशी झोप मी जन्मात पाहिली नाही."

ते पैसे भरायला गेले तसा मॅनेजर वाकला. कोडेवालीने घाबरून उठायचा प्रयत्न केला. पाय अजून यायचे होते.

"मॅडम, राहू द्या, राहू द्या," तो म्हणाला. "उद्या किती वाजता येता?"

अशी तिला नोकरी लागली. दुपारभर गार हवेत पडून राहायचं, एवढंच काम. ती पालथी पडून कोडी रचायची. गिऱ्हाइकं वाकून बघायची आणि "आडवा सात चुकलाय" असं सांगून जायची. एका आजीबाईंनी ती खरी आहे का हे पाहायला तिला चिमटा काढला आणि ती ओरडल्यावर समाधानाने मान डोलावली. दुपारी नणंद डबा घेऊन यायची आणि दुकानातल्याच डायनिंग टेबलावर तो उघडायची. लोक तिलाही दुकानातलीच समजायचे. ती त्यांना बिनधास्त सांगायची, "हे कपाट नका घेऊ, ड्रॉवर अडकतो." मॅनेजरने पहिल्यांदा कपाळावर हात मारला. पण लोकांचा विश्वास एवढा बसला, की ती जे घ्या म्हणायची ते संध्याकाळपर्यंत संपायचं. मग त्याने तिलाही काही म्हणणं सोडून दिलं.

कोडेवालीला मात्र एक गोष्ट आतून टोचायची. दिवसभर शंभर माणसं तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि ही बाई भरदुपारी आडवी का, असं एकानेही विचारलं नव्हतं. सगळे गादीचं कौतुक करायचे.

मग ती दुपार आली. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलांना सोडेना. दुकानातली वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. मोठाल्या काचांमुळे दुकानाची बघता बघता भट्टी झाली. गिऱ्हाइकं पळाली. कोडेवालीने पाय हलवायला सांगितले. पायांनी ऐकलं नाही. हातांना सांगून पाहिलं, तेही पायांच्याच बाजूचे. समोर टायचा एक निळा पट्टा तेवढा दिसत होता.

"ताई," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "माझी लिफ्ट अडकली."

नणंदेने तिच्या मानेवर ओला रुमाल ठेवला. तो लगेच कोमट झाला. तेवढ्यात मागच्या दारातून दोन हमाल आले. हाच पलंग एका निवृत्त दंतवैद्यांनी घेतला होता, दुसरा नको, हाच, बाईंनी वापरून सिद्ध केलेला. तो न्यायला ते आले होते.

"थांबा! बाई आहेत त्यावर," मॅनेजर ओरडला.

"आम्हाला पलंग गादीसकट न्यायला सांगितलंय," दाढीवाला हमाल म्हणाला. "बाईंचं काही बोलणं झालं नाही."

"उतरवा त्यांना!"

"उतरवून ठेवता कुठे? जमिनीवर?" नणंद कडाडली. मग तिने हमालाकडे वळून विचारलं, "गाडी कुठली आणलीये?"

"नेहमीची बंद पडली, बाई. आज आइस्क्रीमची आणलीय. आत गारठा आहे, पण तेवढीच मिळाली."

नणंद क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. देव भेटल्यावर माणूस बघेल तशी.

"उचला," ती म्हणाली.

आणि त्या रणरणत्या उन्हात, फर्निचरच्या दुकानातून एक पलंग निघाला. हमाल पुढे-मागे, मॅनेजर टाय सैल करून डाव्या बाजूला, उजव्या बाजूला डबा आणि पर्स घेऊन नणंद. मधे चादर ओढून कोडेवाली. फुटपाथवरच्या लोकांनी वाट दिली. कुणीतरी टोपी काढली. "अहो, जिवंत आहे ती!" नणंदेने त्याला झापलं. समोरच्या बाल्कनीतून शेजारणी वाकल्या होत्या. दुधाच्या काचेतूनही कोडेवालीला त्यांचे रंगीत ठिपके दिसत होते. एवढी वर्षं भिंतींना टेकून जे लपवलं, ते आता चार पायांच्या पलंगावरून भररस्त्यात चाललं होतं. तिला रडू यायला हवं होतं. पण हसायलाच आलं, आणि हसण्याने पलंग हलू लागला तसा दाढीवाला म्हणाला, "बाई, तोल जातोय."

गाडीचं दार बंद झालं. आत व्हॅनिलाचा वास होता. नवऱ्याला फोन करून झाल्यावर नणंदेने आइस्क्रीमचे डबे तिच्या पायांभोवती रचले, स्वतः चादरीत शिरली आणि दात वाजवत बसून राहिली. वळणं मागे पडत गेली तशी कोडेवालीच्या अंगठ्यात जान आली, मग घोट्यात, मग गुडघ्यात. डब्यावरची अक्षरं दिसू लागली.

दंतवैद्य फाटकात वाट बघत उभे होते. दार उघडलं, धुक्याचा लोट बाहेर आला, आणि धुक्यातून एक बाई पलंगावर उठून बसली.

"मी फक्त पलंग मागवला होता," ते सावकाश म्हणाले.

घर गार होतं. चहा झाला. हमाल पलंग लावून गेले. दंतवैद्यांनी मग संकोचत विचारलं, "एक विचारू? पत्नी गेल्यापासून मला झोप नाही. तुम्हाला पाहिलं आणि वाटलं, या पलंगात काहीतरी आहे. तुम्ही इतकं गाढ झोपता कशा?"

कोडेवालीने कप खाली ठेवला. "ती साधी झोप नव्हती," ती म्हणाली. "मी आजारी आहे. ऊन वाढलं की पाय माझे राहत नाहीत, आणि थकवा असा येतो की डोळे उघडे ठेवणंसुद्धा काम होतं. गार जागा हवी होती म्हणून यायचे. पलंग साधाच आहे हो. तुम्हाला फसवल्यासारखं झालं."

परक्या माणसाला तिने हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. "छान दिसता" असं काही ते म्हणाले नाहीत. "कुठल्या बाजूला जास्त?" असं विचारलं, आणि ती सांगत गेली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून करवत चालल्यासारखा आवाज आला. थंडीने आणि धावपळीने दमलेली नणंद पलंग "जरा तपासायला" गेली होती, ती घोरत होती. घोरणं साधं नव्हतं. खिडकीची तावदानं थरथरत होती. कोडेवाली ओशाळून उठू लागली.

"नको, उठवू नका," दंतवैद्य पुटपुटले. त्यांचा चेहरा पार बदलला होता. "अगदी असाच आवाज होता तिचा." त्यांची मान खुर्चीच्या पाठीला टेकली, आणि पुढचं वाक्य अर्धं राहिलं.

नवरा ग्रीसने माखलेल्या हातांनी धावत-पळत पोचला. आत बहीण घोरत होती, बाहेर एक अनोळखी गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि त्याची बायको खिडकीशी ताठ बसून कुणाच्या तरी जुन्या वर्तमानपत्रातलं स्वतःचंच कोडं सोडवत होती.

"काय झालं?" तो दारातूनच म्हणाला.

"हळू बोल," ती कुजबुजली. "बूट काढ आणि इकडे ये. ऊन उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही."