शून्य वर आहे

मी ब्युरेट बोलतेय. आणि कपाटाच्या आतून नव्हे, बाहेरून बोलतेय, एवढं आधीच सांगून ठेवते. माझ्या वरच्या कडेचा एक टवका उडालेला आहे. तो बघून "अरेरे" म्हणणार असाल तर म्हणू नका. तो टवका मी मिरवते.

ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मी काचेची एक लांब, सडसडीत नळी. खाली निमुळतं टोक, त्याच्या वर एक तोटी आणि अंगभर बारीक रेघा. प्रयोगशाळेत स्टँडला धरून ताठ उभी राहते. माझ्यात आम्ल भरायचं, तोटी जराशी फिरवायची आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब सोडायचं. किती सोडलं ते माझ्या रेघा सांगतात. म्हणून माझं शून्य सगळ्यात वर असतं आणि पन्नास खाली, तोटीजवळ. इतर मापांचं शून्य तळाशी असतं, कारण आपल्याजवळ किती आहे ते ती मोजतात. मी किती दिलं ते मोजते. हा माझा स्वभाव आहे. कुणाला उलटा वाटला तर वाटो.

माझा जन्म भट्टीसमोरचा. तिथून मी एका बाईच्या टेबलावर गेले. रेघा तपासणं हे तिचं काम. माझ्यात पाणी भरून तिने मला उजेडात धरलं, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ, एकसुद्धा रेघ चुकली नाही. जाईल कुठल्या तरी शाळेत. पोरं दामटतील चांगली." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पोरं दामटतील, आणखी काय हवं?

पण शाळेत पोरं माझ्यापर्यंत पोचलीच नाहीत. आड कपाट आलं.

लोखंडी चौकटीचं, काचेच्या दारांचं, आणि त्याला हे भलंमोठं कुलूप. किल्ली मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या टेबलाच्या खणात. आत आम्ही सगळी मंडळी दाटीवाटीने उभी: शंकुपात्रं, चंचुपात्रं, परीक्षानळ्या आणि एक तराजू, ज्याला कापड पांघरून कायमचं झोपवलं होतं. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत. त्याआधी आमची आंघोळ व्हायची. साहेब दाराबाहेरूनच "वा, सुसज्ज!" म्हणत, चहाला जात आणि कुलूप पुन्हा लागायचं.

कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "फुटेल."

अहो, मी काचेची आहे, मला ठाऊक नाही का मी फुटेन ते? पण न फुटता उभं राहायला मला केलंय का? तसं असतं तर रेघा कशाला पाडल्या, तोटी कशाला घासून घासून बसवली? नुसती नळी उभी केली असती तरी साहेब "वा" म्हणालेच असते.

रसायनशास्त्र शिकवायला एक सर होते. मुलं त्यांना मागून "सांभाळून सर" म्हणायची, कारण कुणी बाकावर पेन ठेवलं तरी ते "सांभाळून!" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. शिकवायचे जीव तोडून, पण खडूने. प्रात्यक्षिकाच्या तासाला फळ्यावर माझं चित्र काढायचे, इतकं सुबक की मलाच माझा हेवा वाटावा. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा मात्र मी कपाटात गारच पडले. शून्य खाली होतं! तळाशी शून्य, वर पन्नास, घरातल्या दुधाच्या मापासारखं.

मग सर सांगायचे, "ब्युरेट काठोकाठ भरा. शेवटी जो आकडा दिसेल तो पन्नासातून वजा करा. उरेल तेवढं आम्ल लागलं." आता चित्रातल्या ब्युरेटला हा हिशेब बरोबर होता. पण तशी ब्युरेट जगात कुठेच नव्हती. खरी मी समोरच्या कपाटात उभी होते आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. वर्ग एका सुरात घोकायचा, "पन्नासातून वजा, पन्नासातून वजा." मी आतून ओरडायचे, पण काचेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

परीक्षेला मुलं माझं चित्र काढायची आणि सगळ्यांना प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळायचे.

विद्यापीठाला याचा वास लागला असावा. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला प्रवेश हवा तर बारावीला रसायनशास्त्र हवं, त्यात चांगले गुण हवेत, ते गुण त्याच वर्षीचे हवेत, या अटी आधीपासून होत्याच. त्यात एकीची भर पडली. विद्यापीठ आपल्या प्रयोगशाळेत प्रत्येकाची प्रात्यक्षिक परीक्षा स्वतः घेणार. जो उत्तीर्ण होईल त्याचाच अर्ज पुढे जाणार. मला ही अट मनापासून आवडली. उद्या जी माणसं औषधं करणार, त्यांना आधी माझ्यासमोर उभं करा, यात चुकलं काय?

चुकलं ते आमच्या शाळेत. त्या पहिल्याच वर्षी आमच्या वर्गात पहिली आलेली एक मुलगी परीक्षेला गेली आणि नापास होऊन आली. पुढे काय झालं ते तेव्हा मला कळलं नाही. शाळेत एवढंच बोललं गेलं की घाबरली असेल बिचारी.

दोन वर्षांनी तिची धाकटी बहीण त्याच वर्गात आली. हिच्या शंका संपायच्याच नाहीत, म्हणून पोरांनी हिचं नाव ठेवलं होतं शंकाबाई. हिलाही औषधनिर्माणशास्त्रालाच जायचं होतं. बाकीची मुलं फळ्यावरचं चित्र उतरवत असताना ही उठली, कपाटापाशी आली आणि काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला नीट बघत होतं! मी अंग चोरलं नाही. असतील नसतील त्या सगळ्या रेघा तिच्यापुढे केल्या.

"सर," ती वळून म्हणाली, "शून्य वर आहे."

"कुठे?"

"हिच्यावर. पन्नास खाली आहे. तुमच्या चित्रात उलटं आहे."

वर्ग हसला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ती आत उलटी ठेवली असेल."

"उलटी ठेवली असती तर तोटी वर नसती का?"

बरोब्बर! मी टाळ्या वाजवल्या असत्या, हात असते तर. सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती निमूट गेली, पण बाहेरच्या खिडकीतूनही माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत दोघी बहिणी आल्या. ताई कामावरून तशीच आली होती. औषधाच्या कारखान्यात ती बाटल्यांवर लेबलं चिकटवते. बोटांना डिंक, नखांत कागदाचे कपटे. सर पेपर तपासत होते, आणि आवाज ऐकून मोठ्या बाईही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, मला एकदा बघू द्या," ताई म्हणाली आणि कपाटापाशी आली. पुष्कळ वेळ तिने माझं शून्य पाहिलं. मग बोलली ती एकदम.

"मला अठरा मिलीलिटर लागलं होतं, सर. रेघ अठराच दाखवत होती. मी पन्नासातून वजा केलं आणि बत्तीस लिहिलं. तिथले परीक्षक म्हणाले, उद्या औषधात हेच करशील का? ब्युरेट कधी हातात धरलीयस का? मी म्हटलं, वहीत काढलीय. ते हसले. मला वाटलं, त्यांची ब्युरेट वेगळ्या जातीची असेल. दोन वर्षं वाटतंय की मीच मठ्ठ. काल ही घरी येऊन म्हणाली, ताई, आपल्या शाळेतल्या ब्युरेटचंही शून्य वरच आहे."

सर खुर्चीतून अर्धवट उठले होते, तसेच राहिले.

"मला प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण दिले होते तुम्ही. ते परत घ्या," ताई म्हणाली. "आणि हिच्यासाठी कपाट उघडा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे बघ बाळ, भावना समजतात. पण महागाची काच आहे. पोरांच्या हातात दिली आणि फुटली तर?"

"माझं वर्ष फुटलं, बाई. त्याची तपासणी करायला कुणी आलं नाही."

काय सांगू, असं वाटलं की इथल्या इथे कपाटाची काच फोडून बाहेर यावं आणि तिच्या गळ्यात पडावं.

मग सर फळ्याकडे गेले. आदल्या दिवशीचं चित्र अजून तिथेच होतं. त्यांनी ते पुसलं, आधी डस्टरने आणि मग तळहाताने. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मलाही खडूनेच शिकवलं होतं. मी कधी हातात धरली नाही. विचारायची लाज वाटली." मग वळून म्हणाले, "बाई, किल्ली द्या."

"जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेतो."

किल्ली आली. दार कुरकुरत उघडलं आणि मला वारा लागला.

पहिला दिवस फजितीचा होता. माझी तोटी इतक्या वर्षांत जाम झाली होती. कोमट पाण्यात बुडवून, थोपटून, आंजारून गोंजारून ती सुटली. सर पुस्तक उघडं ठेवून शिकत होते आणि शिकवत होते. शंकाबाईने मला भरताना वरचं नरसाळं काढलंच नाही, ते मधूनच ठिबकायचं. तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकला होता. खालच्या शंकुपात्रात गुलाबी रंग होता आणि बरोबर एका थेंबाला तो नाहीसा व्हायला हवा होता. तिने इतकं ओतलं की रंग कधी गेला ते कुणाला कळलंच नाही. पुन्हा भरलं, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा तिने डोळे रेघेच्या समोर आणले, श्वास धरला, तोटी केसभर फिरवली. एक थेंब पडला आणि गुलाबी रंग गेला.

"गेला!" ती किंचाळली.

मी पहिल्यांदाच माझ्या कामाला आले होते. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तुम्ही कपाटात राहून बघा, मग बोला.

पुढे रोज तास सुटल्यावर हे चालू झालं. बाकीची मुलंही येऊ लागली. आणि एका दुपारी, मला धुताना, शंकाबाईच्या हातून मी नळाला आपटले. टक्! वरच्या कडेचा टवका उडून मोरीत पडला. सगळे जागच्या जागी थिजले. सरांचं तोंड उघडलं. ते आता काय म्हणणार हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"हाताला लागलं नाही ना तुझ्या?" सर म्हणाले.

तिने मान हलवली. सरांनी पॉलिशपेपर घेऊन माझी धारदार कड घासली, मला उजेडात धरलं, एक डोळा मिटला. "रेघा शाबूत आहेत," म्हणाले. "चला, भरा."

शंकाबाई विद्यापीठात परीक्षा देऊन आली तेव्हा दप्तर न काढताच प्रयोगशाळेत शिरली. परीक्षकांनी शाळेचं नाव वाचून भुवई उंचावली होती म्हणे. "तुमच्याकडची मुलं पन्नासातून वजा करतात ना?" हिने उत्तर दिलं, "करायची, सर. आता नाही." तिचा प्रवेश झाला. आता ती विद्यापीठात असते आणि तिथल्या ब्युरेटींना शंका विचारून भंडावत असेल.

मोठ्या बाईंनी मात्र मला फेकून द्यायला सांगितलं. तुटकी वस्तू तपासणीला बरी दिसत नाही. सर म्हणाले, "तपासणीला नवी ठेवा की कपाटात. ही इथेच राहील." तेव्हापासून मी टेबलावर आहे. फळ्यावर आता माझं चित्र नसतं. ज्याला बघायचंय तो इथे येऊन बघतो.

आणि एक सांगायचं राहिलं. ताईने बारावीचा अर्ज पुन्हा भरला आहे, बाहेरून. गुण त्याच वर्षीचे हवेत ही अट तिला पुसता आली नाही, मग तिने सगळी परीक्षाच पुन्हा द्यायचं ठरवलं. कारखान्यातून सुटली की ती इथे येते. आपल्याहून लहान पोरांत मागच्या बाकावर बसते. कुणी "काकू" म्हणून चिडवलं तर म्हणते, "हो, आणि काकू तुझ्याआधी उत्तर काढणार." काढतेही. उद्या तिची विद्यापीठातली प्रात्यक्षिक परीक्षा आहे, त्याच खोलीत. कदाचित तेच परीक्षक असतील.

माझी तुमच्याकडे विनंती वगैरे नाही. विनंत्या कपाटात असताना करून झाल्या. एवढंच बजावून सांगते: तुमच्या शाळेत काचेमागे कुणी माझ्यासारखी उभी असेल, तर किल्ली कुणाच्या खणात आहे ते आज विचारा. फुटेल म्हणाले तर म्हणा, फुटू दे. हातात फुटलेली ब्युरेट कपाटातल्या अख्ख्या ब्युरेटपेक्षा जास्त जगते. माझ्याकडे बघा आणि मग वाद घाला.

आता गप्प बसते. ताई आली आहे. तिने मला पाण्याने धुतलं, आम्लाने विसळलं, बुडबुडा काढला, नरसाळं काढून बाजूला ठेवलं. टवका उडालेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मला वरच्या शून्यापर्यंत बरोबर भरलं आहे आणि तोटी तिच्या हातात आहे.