अंजनाच्या भिंतीचा उतार

माझी बायको अंजना गेली त्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. घरकुल मंजूर झालं, आता मातीचं घर पाडायचं होतं. पवन मिस्त्री येता-जाता विचारायचा, "खुशालभाऊ, कधी हात लावू? पावसाच्या आत जोतं भरलं पाह्यजे."

मी थांबायला सांगत होतो. माझी मुलगी नंदिनी चंद्रपूरला एका इंजिनिअरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते. पाडायच्या आधी आपलं घर कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उभं करून ठेवते, असं ती म्हणाली होती. ते झाल्याशिवाय मी पवनला कुदळ मारू देणार नव्हतो.

सुट्टी पाहून ती आली. टेप लावून सगळ्या भिंती मोजल्या आणि लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. मी पाहिलं तर भिंती अगदी सरळ.

"हे तं शाळेचं घर वाटते," मी म्हटलं. "आपल्या मागच्या भिंतीले तं बाहेरून उतार हाये."

"थांबा न बाबा. पहिले सरळच काढा लागते. मंग कलवता येते."

तिनं मागच्या भिंतीला कल दिला. अख्खी भिंत स्वयंपाकघरात झुकली.

"अवो, पडली न ते! तुही माय चुलीपाशी बसली असती तं?"

नंदिनी हसली. मलाही हसू आलं.

"दोन्ही अंगं सोबतच कलली," ती म्हणाली. "आतलं अंग सरळ ठेवते, बाहेरचंच तिरपं करते." तिनं घेतलेली मापं टाकली. आता भिंत वर जाड झाली आणि खाली बारीक.

"उलटं झालं पोरी. खाली रुंद होती."

"माप तं हेच हाये बाबा. आत्ताच घेतलं."

आम्ही मागे जाऊन पाहिलं. माप खरं होतं. भिंतीचा पायथा पाण्याच्या शिंतोड्यांनी आत खाल्ला गेला होता. शेजारची सुकरीबाई कुंपणाशी उभी होती.

"काय पाहून राह्यले भाऊ? अंजना दर दिवाळीले खाली मातीचा थर चढवे. पावसाचं पाणी तो थर खाये, भिंत वाचे. आता थर देणारं कोण हाये? पाणी भिंतच खाऊन राह्यलं."

"काकू, थर किती जाड राहे?" नंदिनीनं विचारलं.

"ते तिच्या हाताले माहीत. मी का टेप घेऊन बसली होती?"

नंदिनी म्हणाली, अंदाजानं टाकू का? मी नको म्हटलं. तो उतार अंजनाचा होता. त्यात माझा अंदाज घालून काय करायचं होतं?

ती भिंतीच्या कडेनं चालत गेली आणि पडवीपाशी थांबली. तिथं सरपण रचलेलं होतं. "इथी पाणी लागत नसन न बाबा?"

आम्ही लाकडं बाजूला केली. मागे भिंतीचा पायथा तसाच होता, खाली येता येता पुढे पसरलेला. मातीत धानाचा कोंडा दिसत होता आणि त्यावर लिपणाची बोटं उमटलेली होती. अंजनाची करंगळी लहानपणापासून सरळ होत नव्हती. तीन रेषा लांब, चौथी अर्ध्यातच संपलेली. नंदिनीनं त्या रेषांवर आपली बोटं ठेवली आणि तशीच बसून राहिली. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. मग तिनं नाक पुसलं आणि माप घेतलं.

संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरमधली भिंत खाली रुंद झाली.

"खिडकी कलली नाई न?"

"नाई. तिले सरळच ठेवली."

तिनं घर फिरवून दाखवलं. अंगणातून, मग आतून. चुलीची जागा, खिडकी, सगळं बरोबर होतं. आत कोणी नव्हतं, एवढंच. मी बराच वेळ पाहिलं आणि तिला म्हटलं, पवनले फोन कर.

पवन माणसं घेऊन आला. सरपणामागचा तुकडा मी काढतो, असं त्याला सांगितलं. कुदळ हलकी मारत मी ढेकळं सुटी केली आणि टोपल्यात भरू लागलो.

"माती काऊन जमा करून राह्यले भाऊ?"

"जोत्यात टाकाची हाये."

"मुरूम येऊन राह्यला न ट्रॉलीनं."

"मुरूम वरून टाक. खाली हे टाक."

पवननं टोपल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अंजनाच्या हातचा चहा त्यानंही पुष्कळदा प्यायला होता.

"मंग स्वयंपाकघराखाली टाकू," तो म्हणाला आणि टोपल्याचा एक कान त्यानं धरला.