अतिवाहक महाराजांची कळशी

वडवणीच्या बाजारात त्या दिवशी मेथीच्या जुड्यांना कुणी विचारीना. सगळा बाजार अतिवाहक महाराजांच्या मांडवात! महाराजांनी भगव्या फडक्यात गुंडाळलेल्या कळशीतून धुराळ पाणी ओतलं, अन् एक काळी चकती चुंबकांवर अधांतरी तरंगू लागली. बायाबापड्या त्या धुराला हात जोडू लागल्या.

"ह्या ताईतातल्या सिलिकॉनमण्यात मंत्र ठासून भरलेत," महाराज म्हणाले. "विजेचा अडथळा गेला, तसा साखरेचाही जाईल. क्वांटम ताईत बांधा अन् सुया फेका."

रामकिसनचं डोकं सटकलं. त्याच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, याच ताईतापायी तीन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढं अंधारी, तरी बाई म्हणे गुण येतोय. ती हातची जाईल या भीतीनं त्याचा जीव कासावीस झाला होता.

एवढ्यात त्याला दिसलं, धूर वर न जाता जमिनीवरून सरपटतोय. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करण्यात त्याची बावीस वर्षं गेलेली. त्याला हा धूर ओळखू येणार नाही? तो पुढं झाला अन् त्यानं फडकं ओढलं.

"अवं, शिवू नका, सोवळं हाय," सुभद्राबाई म्हणाली.

रामकिसननं झाकण उघडलं अन् दांडी धरून आतला डबा उपसला. डबाभर प्लॅस्टिकच्या बारीक कांड्या!

"सोवळं कसलं? गीर वळूचं बीज हाय ह्यात. आपल्या कपिला गायीला मी ह्येच भरलं."

महाराज पट्टीचे बिलंदर. म्हणाले, हे साक्षात नंदीचं तेज! मग मात्र मांडव हसून लोळला.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या पौर्णिमाबाईंनी एवढंच सांगितलं की पाच मिनिटं ते पाणी ओतू नका. चकती तापली अन् मुकाट खाली बसली. बाई म्हणाल्या, ते पाणी म्हणजे बीज गोठवून ठेवायचा द्रव नायट्रोजन, अन् चकती सिलिकॉनची नाही, मडक्यासारख्या भाजलेल्या वेगळ्याच पदार्थाची. सिलिकॉनमध्ये बोरॉन ठासून भरलं की त्यातूनही वीज विनाअडथळा वाहते, म्हणजे ते अतिवाहक होतं, क्वांटम संगणकासाठी त्यावर संशोधन चाललंय, हे खरं. पण त्याला या कळशीहून कितीतरी जास्त गारठा लागतो, शून्याखाली दोनशे बहात्तर अंशांच्या आसपास. माणसाच्या उबदार छातीवर ताईतातला मणी म्हणजे नुसती टिकली. अन् साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सुभद्राबाईनं ताईत तोडला. रामकिसननं तिला तडक दवाखान्यात नेलं. सुई टोचून घेताना ती पुटपुटली, "तीन दिस वळूच्या बीजाला हात जोडले की वं मी."

"जोड की," रामकिसन म्हणाला, "पण आधी झाकण उघडून बघत जा."