तळहाताने जुळवलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना, घरी बनवलेला स्पीकर आहे. गुडघ्याएवढी उंची, पाऊण इंच जाड प्लायवूडचे अंग आणि छातीवर तळहाताएवढा एकच कागदी पडदा. बारीक आवाजाला एक, जाड आवाजाला दुसरा, असे वाटेकरी माझ्यात नाहीत. बासरी असो की नगारा, सगळे मला एकट्यालाच गावे लागते. माझा जुळा भाऊ समोरच्या कोपऱ्यात उभा असतो.

आम्हाला घडवले एका सुताराने. जन्मभर त्याने दारे-खिडक्या केल्या. त्याचा हात असा, की त्याने जोडलेल्या सांध्यात कागदही शिरू नये. शाळेत गाणे शिकवणारी त्याची ताई निवृत्त होऊन त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्यासाठी काही खास करायचे त्याच्या मनाने घेतले. दोन महिने खपून त्याने आम्हाला उभे केले, पॉलिश करून आरशासारखे चमकवले आणि ऐटीत गाणे लावले.

ताईने डोळे मिटून ऐकले. मग म्हणाली, "दिसायला देखणे आहेत रे. पण कुणी पिंपात तोंड घालून गातंय असं वाटतं."

"तुझे कान म्हातारे झालेत!" सुतार उसळला. "माझ्या कामात आजवर कुणी खोट काढली नाही."

 ताईने गाणे बंद केले. सुतार फुरंगटून माझी कड पुसत बसला होता. त्याच्या पाठीमागे जाऊन ती हलकेच म्हणाली, "चहा टाकू का?" पुन्हा विचारले. त्याने मानही वळवली नाही. तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधीपासून ऐकू येत नाहीये तुला?"

सुताराची मान खाली गेली. "झाली चार वर्षं. करवतीच्या यंत्राने खाल्ले कान. कुणाला कळलं तर कामं बंद होतील, म्हणून बोललो नाही."

ताईचे डोळे भरून आले, पण ती रडत बसली नाही. पदर खोचून म्हणाली, "चल, उघड ही स्पीकरची पेटी. कान माझे, हात तुझे."

मग काय सांगू! ताई एकेक गाणे लावी आणि सुतार माझ्या अंगावर तळहात फिरवी. पाठीच्या फळीशी त्याचा हात थबकला. "ही थरथरते आहे!" त्याने आत आडवी पट्टी ठोकली. आवाज थोडा सुधारला. ताईची मान अजून नकारार्थीच. त्याने पोटात लोकर भरली. जास्त झाली, आवाज गुदमरला. निम्मी काढली. आठवडाभर हेच चालले होते. एका दुपारी ताई ऐकता ऐकता नकळत गाऊ लागली. सुताराला ऐकू आले नाही, पण तिचे ओठ हललेले दिसले. तो तिथेच जमिनीवर बसला आणि हसू लागला.

पुढची सहा वर्षे आम्ही पोटभर गायलो. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "कुठून आणले?" आणि ताई भावाकडे बोट दाखवी.

मग ताई लेकीकडे राहायला गेली. "आता कुणासाठी लावू?" म्हणत सुताराने आमच्यावर चादर टाकली. माझ्या डोक्यावर रद्दी चढली, चहाच्या कपाचे डाग उमटले. दोन वर्षे मी मुका होतो.

एके दिवशी भाची आली आणि मामाला हट्टाने कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो परतला तेव्हा त्याच्या कानात छोटेसे यंत्र होते. त्याने चादर काढली, धूळ पुसली, गाणे लावले आणि ताईला फोन जोडून माझ्यासमोर धरला.

"ताई, कसा वाटतो?"

"मला काय विचारतोस? आज तू सांग."

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग अडखळत म्हणाला, "ओळ सुरू करायच्या आधी ती गाणारी श्वास घेते. तेसुद्धा ऐकू येतंय गं."

मित्रांनो, घरच्या स्पीकरच्या पडद्याला बोट लावू नका, त्याच्या डोक्यावर कप ठेवू नका. आणि मोठ्या आवाजाच्या यंत्रापाशी जाल तेव्हा कान झाकायला विसरू नका. माझा पडदा फाटला तर बाजारात नवा मिळतो. कान मात्र जन्माला येताना मिळतात तेवढेच.