आतल्या खोलीतलं ताट

पितांबरनानांनी तीस वर्षं गालात तंबाखू धरली आणि सत्त्याऐंशी साली तिनं त्यांचा डावा जबडा नेला. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीचं कातडं-मांस काढून गाल भरून दिला. छातीवरचे केस आता तोंडाच्या आत वाढू लागले. बोलताना शब्द लाळेत भिजून बाहेर पडत, म्हणून नानांनी बोलणंच टाकलं.

पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. येत, तोंडाकडं बघत आणि लगेच स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं. जाताना बाया ओट्यावर कुजबुजत, "पाहावत नाही बाई!" पाहावत नाही तर मरायला येता कशाला, नाना मनात थुंकत. चुलतभाऊ मोतीलाल तर रोज हजर. "देवानं वाचवलं, आता हरिनाम घ्या," म्हणायचा आणि तिथंच तंबाखूचा बार भरायचा. त्या गाढवाची नानांना किळस येई. त्याहून जास्त स्वतःची.

आरसा फडताळात गेला. उपरणं नाकापर्यंत चढलं. जेवायला नाना गोठ्यात जात. भिंतीकडं तोंड करून दूधभाकरीचा काला उजव्या बाजूनं आत ढकलत. निम्मा छातीवर सांडे. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "जखम उत्तम भरली. आता चारचौघांत मिसळा." नानांना त्यांची कीव आली.

रुक्माबाईंनी वर्षभर पाहिलं. एक दिवस काल्याचं भांडं समोर आदळून म्हणाल्या, "ढोरं बी चार ढोरांत खातस. तुम्ही तर त्यासले बी पाठ दाखाडतस!"

नानांनी भांडं परत सारलं. पण आठवड्यानं भाच्याच्या लग्नाला तिच्यासोबत अमळनेरला निघाले, ते केवळ तिला खोटं पाडायला.

मांडवात पंगत बसत होती. नवरदेवाचा धाकटा भाऊ देवचंद लगबगीनं आला.

"मामा, तुमनं ताट मझार, आतल्या खोलीत वाढेल शे."

"काबरं?" न राहवून नानांच्या तोंडून निघालं.

"बाहेर व्याहीनी मंडळी शे ना."

वर्षभर नाना स्वतःच स्वतःला लपवत होते आणि ते त्यांना रास्तही वाटत होतं. पण कालपर्यंत शेंबूड पुसता न येणाऱ्या या दिवट्यानं त्यांना लपवावं? नाना थेट व्याही शालिग्रामभाऊंच्या समोरच्या पाटावर जाऊन बसले. उपरणं सोडून मांडीवर पसरलं आणि वरणात बट्टी कुस्करू लागले.

वरण हनुवटीवरून ओघळलं. पंगतीतले हात थांबले. शालिग्रामभाऊ हळहळले, "फार सोसलं हो तुम्ही!"

नानांनी तोंड पुसलं आणि एकेक शब्द सोडवत म्हणाले, "मन्हं तोंड काय तुमना ताटमा वाढेल शे? जेवा!"

पन्नास माना ताटांवर झुकल्या. नानांनी "आखो" म्हणत आणखी वरण मागितलं. वाढपी जवळ येईनात. शेवटी देवचंदलाच वाढावं लागलं.

परतीच्या एसटीत रुक्माबाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. नाना हसले नाहीत. उपरणं नाकावर ओढायला हात दोनदा वर गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो रागानं खाली आणला.

पारोळ्याला स्टँडवर उतरून त्यांनी चहा मागवला आणि उभ्यानंच बशीत ओतून प्यायला. एक सफारीवाला गृहस्थ टक लावून बघत होता. नानांनी, ठिबकती बशी तशीच धरून, त्याच्यावर नजर रोखली. गृहस्थ उगीच घड्याळ बघत पलीकडं सरकला.

"आखो एक कप सांग," नाना बायकोला म्हणाले.