चौकोनात किती

चार

पाऊस नसताना छत्री उघडून नागवेणी मागच्या परसात उभी होती. छत्री डोक्यावर नव्हती, पश्चिमेकडे ढालीसारखी आडवी धरली होती. कारण कुंपणापलीकडे विघ्नेश्वर हेगड्याच्या खळ्यावर दोन हिवाळ्यांपासून मोठा दिवा जळत होता. संध्याकाळचे साडेसात. छत्रीच्या काठावरून ती भाद्रपदेचा चौकोन बघत होती. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे, आणि आत बारीक तारे किती दिसतात ते मोजायचं. जितके जास्त, तितकं आकाश चांगलं. निरीक्षणाला बसण्याआधी हे मोजणं ही तिची चोवीस वर्षांची सवय.

चार.

तिने डोळे मिटले, शंभर अंक मोजले, पुन्हा पाहिलं. आता तीनच. 

पलीकडच्या वाटेने जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, अक्का, पाऊस कुठून येतोय? तिने छत्री आणखी आडवी केली. दिव्यामुळे, ती स्वतःला म्हणाली. दिवाच तो.

सतरा

हा तिचा जुना आकडा. चोवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या हिवाळ्यातला.

गावच्या सोसायटीत तिने एकतीस वर्षं सुपारी निवडली. दोन सुपाऱ्यांत कोणती अर्ध्या छटेने उजळ, हे ती बोलता बोलता सांगे. शाळेचे विज्ञानाचे मास्तर एकदा ते बघत उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी तारकांचा नकाशा घेऊन आले. तिमिंगल तारकासमूहात मीरा नावाचा तारा आहे, म्हणाले. अकरा महिन्यांत एकदा उजळतो, मग विझत जातो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघा आणि किती उजळ ते लिहून बंगळूरच्या खगोल मंडळाला पाठवा. तुमचा डोळा त्यासाठीच आहे.

तेव्हापासून ती पाठवत होती. नवरा सुब्राय सगळ्यांना सांगे की लोकांच्या बायका नवऱ्याची शेजाऱ्याशी तुलना करतात, माझी ताऱ्याची ताऱ्याशी करते, म्हणून मी वाचलो.

नऊ

नऊ वेळा, गेल्या दोन हिवाळ्यांत, तिने मीरापुढे लिहिलं: दिसला नाही.

मंडळातून फोन आला. बोलणारी मुलगी फार अदबीने बोलली. त्याच तारखांना शिमोग्याहून, कारवारहून तो नुसत्या डोळ्यांनी दिसल्याच्या नोंदी आहेत. तुमच्याकडे काही अडचण आहे का? नागवेणी म्हणाली, फणस. दक्षिणेकडे आडवा येतो.

तिने फणसाची फांदी तोडवली. सुब्राय दिवसभर तिच्याशी बोलला नाही. त्या फांदीचे फणस सगळ्यांत गोड असत. फांदी गेल्यावर तिथे आकाशाचा मोठा तुकडा उघडा पडला. त्यात काहीच नव्हतं.

तेव्हा पहिल्यांदा तिला भीती वाटली. मग तिला दिवा आठवला आणि बरं वाटलं. कपडे वाळत घालायच्या तारेला कपाळ आपटलं, दिवा. ताटाशेजारचा तांब्या लवंडला, दिव्याने डोळे दिपतात म्हणून. तिची आई साठीनंतर अंधार पडला की भिंतीला हात लावून चालायची. नागवेणीला एकसष्टावं लागलं होतं. पण आईच्या वेळी गावात वीजच नव्हती. ती गोष्टच वेगळी.

तीन पोती

एवढी सुपारी विघ्नेश्वरच्या खळ्यावरून एका रात्रीत गेली होती. वाळत घातलेली, सोलायला काढायची होती ती. त्याचा कुत्रा भुंकलासुद्धा नाही. तेव्हापासून तो हिवाळाभर खळ्यावरच झोपे, उशाशी कोयता, वर दिवा. पान हललं तरी उठून बसे. बायको म्हणे, चोर परवडला, निदान तो एकदाच आला.

नागवेणी त्याच्याकडे चार वेळा जाऊन आली. दिव्याला पत्र्याची टोपी कर, तोंड खाली वळव. तो चहा पाजून परत पाठवी.

"अक्का, तारे कोण चोरत नाही," तो म्हणाला. "माझी सुपारी चोरतात."

पाचव्या वेळी ती चहाला थांबली नाही. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अमावास्येला, फक्त अर्धा तास. विघ्नेश्वर, मला एक गोष्ट बघायचीच आहे. नाहीतर मला झोप लागायची नाही."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. भ्यायलेला माणूस त्याला आता लांबून ओळखता येत असे. म्हणाला, अर्धा तास. पण मी सुपारीवर बसून राहणार.

वीस मिनिटं

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढी लागतात.

अमावास्येला साडेसातला विघ्नेश्वरने दिवा मालवला. अंधार असा आला की नागवेणीला क्षणभर आपले हातही आहेत की नाहीत कळेना. पूर्वी हाच अंधार तिला आवडे. पाच मिनिटांत त्यातून कुंपण वर यायचं, मग विहिरीचा काठ, मग दाराच्या चिऱ्यांच्या पायऱ्या. ती वाट बघत राहिली. पलीकडे विघ्नेश्वर सुपारीच्या राशीवर बसलेला ऐकू येत होता. तो हलला की सुपाऱ्या खडखडत.

कुंपण आलं नाही.

दहा मिनिटं. पंधरा. ती मनात सेकंद मोजत होती. विहीर उजवीकडे आहे, तिने स्वतःला बजावलं. हलायचं नाही. वीस झाली तसं तिने मान वर केली. चौकोनाचे कोपरे मिळाले. एक कोपरा पुन्हा हरवला, पुन्हा मिळाला. आत तिने थेट पाहिलं, मग बारीक तारा पकडायला पाहतात तशी नजर जरा बाजूला सारून पाहिलं.

चार. त्यांतला एक आहे की आपणच तो मनाने ठेवलाय, ते सांगता येईना.

तेरा

"अक्का," पलीकडून आवाज आला. "आहात ना?"

"आहे."

"तो चौकोन म्हणता तो हाच ना? विहिरीच्या वर?"

ती हो म्हणाली. तो मोजू लागला. आधी दबक्या आवाजात, मग त्याला भानच राहिलं नाही. एक, दोन, ते जोडीतले दोन, चार... सहा... मध्येच चुकला, पहिल्यापासून सुरू केलं. ती प्रत्येक आकड्याबरोबर बघत होती. पाचला तिची साथ सुटली. तो पुढे गेला.

"तेरा," तो म्हणाला. "चष्मा नाही लावलेला तरी तेरा. काय हो हे, एवढे होते वर? दिव्याने सगळं खाल्लं होतं बघा. तुम्ही म्हणत होता ते खरं."

ती घराकडे म्हणून वळली.

"तुम्हाला तर वीस दिसत असतील."

"विघ्नेश्वर, दिवा लाव आता."

"अजून आठ मिनिटं आहेत की. बघू द्या जरा. दोन वर्षांत मान वर केली नाही मी."

"लाव," ती म्हणाली.  "मला पायऱ्या दिसत नाहीत."

सुपाऱ्या खडखडल्या. दिवा मात्र लागला नाही. बटण खळ्याच्या पार त्या टोकाला, घराच्या भिंतीवर होतं. कुंपणाची काठी मोडल्याचा आवाज झाला, आणि पावलं सरळ तिच्याकडे आली, न चाचपडता, दिवसा चालावं तशी. रास त्याच्या मागे अंधारात उघडी पडली होती. त्याने तिचं मनगट धरलं.

"विहिरीकडे वळला होता तुम्ही," तो म्हणाला. तिला वळवून दाराकडे नेलं. मग, "पायरी. अजून एक."

वरच्या पायरीवर तिने विचारलं, नक्की तेरा ना? त्याने जाऊन पुन्हा मोजायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली.

संयोजक, बंगळूर, यांस

गेल्या दोन हिवाळ्यांतल्या 'दिसला नाही' अशा माझ्या नऊ नोंदी कृपया काढून टाकाव्यात. कारणाच्या रकान्यात मी फणस आणि दिवा लिहिलं होतं, तेही खोडावं.

त्या नऊही दिवशी आमच्याकडे आकाश चांगलं होतं.

नागवेणी सुब्राय भट