कामाचा डोळा

रफूगाराचा डावा डोळा लहानपणापासून नुसता नावाला होता. दिवा लागला की विझला, एवढंच त्याला कळायचं. बाकी सगळा भार उजव्यावर. त्या एका डोळ्याच्या जोरावर त्याने तीस वर्षं लोकांच्या कोटांची भोकं अशी बुजवली की खुद्द मालकाला जागा सापडू नये. वाकून वाकून पाठीचं मात्र वाटोळं झालं. बायकोने हट्टच धरला, तेव्हा कुठे स्वारी ऑपरेशनला तयार झाली. आधी दहा जणांनी दहा प्रश्न विचारले, सगळे पाठीचे. डोळ्याचं कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा याचा स्वभाव.

पाच तासांनी शुद्धीवर आला तेव्हा उजवीकडे मिट्ट काळोख होता. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावू, असं भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. याने तेच मनाशी धरलं. सिस्टर येऊन पाठ कशी आहे विचारायची, हा छान म्हणायचा. एवढ्यातेवढ्यावरून कटकट करणारा पेशंट त्याला व्हायचं नव्हतं. दोन दिवस हा भला माणूस अंधाराला मलम समजून गप्प पडून राहिला. तिसऱ्या सकाळी बायकोने चहाचा कप पुढे केला आणि त्याचा हात भलतीकडेच चाचपडत राहिला. तिने वॉर्ड डोक्यावर घेतला.

डोळ्यांचे डॉक्टर आले, बराच वेळ तपासून गेले. मग डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. पेशंटला पालथं ठेवलं की चेहरा उशीवर असतो. डोळा दाबला जात नाही ना, हे सारखं हात घालून बघावं लागतं. ऑपरेशनच्या मध्येच ड्यूटी बदलली, आणि उजवा डोळा दाबलेलाच राहिला.

"जाणाऱ्याला वाटलं, येणारी बघेल," त्या म्हणाल्या. "येणारीला वाटलं, त्याने आत्ताच बघितलंय. येणारी मी होते."

"नजर परत येईल?"

"नाही."

दोन दिवस आधी बोललो असतो तर, असं त्याने विचारलं. तरी फरक पडला नसता, असं त्या म्हणाल्या. हे खरं की नुसती समजूत, ते माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि चेहराच दिसत नव्हता. हा प्रश्न त्याला आता जन्मभर पुरणार होता. संध्याकाळी पाठीचे सर्जन खुशीत आले. आता कितीही तास बसा, म्हणाले. त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन महिने तो घरात बसून राहिला. एके दिवशी बायको म्हणाली, हाताला सवय आहे, करून तर बघा. जुनं गिऱ्हाईक कोट देऊन गेलं होतं. तिने रंग जुळवून दोरा निवडला, सुई ओवून दिली, भोकावर त्याचं बोट नेऊन ठेवलं. सकाळभर तो बोटांनी धागे मोजत राहिला. घामाने सुई निसटायची, बायको शोधून द्यायची. शेवटी त्याने दोरा तोडला.

"दिसतोय का रफू?"

तिने कोट उचलून उजेडाकडे धरला.

"नाही दिसत."

त्याने कोट परत मांडीवर ओढला. गाठीगाठींचा फुगवटा बोटाला लागला. अस्तरही खाली शिवलं गेलं होतं.

"उसव," तो म्हणाला. "आणि त्यांना सांग, दुसरीकडे द्या."